ॲक्सेस: देवघेवीची फाइल एका संगणकावर उघडते, दुसऱ्यावर नाही, आणि एक खिडकी नुसत्या प्रश्नचिन्हांची

दाखलअंक | सोमवार, सकाळी ११.४०

नमस्कार मंडळी. संगणकातलं मला जुजबी कळतं, शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे, ब वर्गाचं. मी ग्रंथपाल. पुस्तकं १८,४०० च्या आसपास, सभासद ४१२. २००४ साली एका सभासदाच्या मुलाने मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसमध्ये (नोंदी साठवायचं सॉफ्टवेअर) देवघेवीचा प्रोग्रॅम करून दिला. फाइल एमडीबी, म्हणजे ॲक्सेसच्या जुन्या पद्धतीची आहे. २०१३ मध्ये त्याच्याच चुलतभावाने थोडी डागडुजी केली. दोघंही आता पुण्याला. फोन उचलतात, पण "काकू, आता काही आठवत नाही हो" म्हणतात. त्यांचीही चूक नाही, मलाच काल काय जेवले ते आठवत नाही.

फाइल माझ्या टेबलावरच्या संगणकात आहे, विंडोज १०, ऑफिस २०१०. काउंटरवर दुसरा संगणक आहे, तो केबलने जोडलेला आहे आणि शेअर केलेल्या फोल्डरमधून तीच फाइल उघडतो. इतकी वर्षं सुरळीत चाललं. आता एकदम चार तक्रारी:

१. शुक्रवारपासून काउंटरवर फाइल उघडत नाही. "अनरेकग्नाइझ्ड डेटाबेस फॉरमॅट" आणि पुढे फाइलचा पत्ता, एवढंच येतं. माझ्याकडे मात्र फाइल उघडी आहे. आहे म्हणजे, गुरुवारी उघडली ती मी बंदच केलेली नाही. संध्याकाळी फक्त मॉनिटर बंद करते.

२. माझ्याकडे देवघेवीचं टेबल (फाइलमधला नोंदींचा तक्ता) उघडून अगदी खाली गेलं की एक ओळ पूर्ण "#डिलीटेड" दिसते. तिच्या खालच्या दोन ओळींत शेऱ्याच्या रकान्यात चक्क चिनी अक्षरं आहेत. तिथे क्लिक केलं की "द सर्च की वॉज नॉट फाउंड इन एनी रेकॉर्ड".

३. ही जुनीच आहे. पुस्तक देताना मधूनच एक खिडकी येते, तिच्यात नुसती प्रश्नचिन्हं. ओके दाबलं की जाते आणि नोंद होत नाही, परत करावी लागते. पूर्वी महिन्यातून एखाददा यायची, गेल्या पंधरा दिवसांत दिवसाला चार-पाच वेळा. जशीच्या तशी उतरवून ठेवली आहे: ?????? ???? ????? ???

४. रविवारी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. तिथे कोड ६४ बिटसाठी बदलायला हवा अशी लांबलचक इंग्रजी पाटी आली आणि पुढे काही चालेना.

अध्यक्ष म्हणतात, संगणक फॉरमॅट मारून घ्या. शनिवारी कार्यकारिणीची सभा आहे, देवघेवीचे आकडे द्यायचे आहेत. बाहेर धो धो पाऊस, वीज येऊन-जाऊन. इन्व्हर्टर आहे, पण त्याचं वय माझ्या नोकरीएवढं आहे.

काय करू?

वरणफळ | सोमवार, दुपारी १२.०५

काकू सोप्पं आहे. फाइल मेन्यूत "कम्पॅक्ट अँड रिपेअर" असतं ते मारा, दोन मिनिटांत होईल. नाहीच झालं तर नेटवर एमडीबी रिपेअरची फुकट टूल्स ढिगाने मिळतात. कुठलंही टाका.

जुनीखतावणी | सोमवार, दुपारी १२.२०

ताई, वरचं काहीही करू नका. आधी हे वाचा.

तुमच्या टेबलावर जी फाइल उघडी आहे ती बंद करू नका. फॉरमॅट तर नाहीच नाही. अध्यक्षांना चहा पाजा आणि शनिवारपर्यंत थोपवा.

कारण सांगतो. काउंटरवर आलेल्या चुकीचा नंबर ३३४३. त्याचा शब्दशः अर्थ "ही फाइल मला ओळखता येत नाही". लोक समजतात की ॲक्सेसची आवृत्ती जुळत नाही. तुमच्या बाबतीत तसं नाही, गुरुवारपर्यंत त्याच संगणकावर तीच फाइल उघडत होती ना? मग आवृत्ती रातोरात बदलत नाही. फाइल फाटली आहे. तुमच्या संगणकाने ती फाटण्याआधी उघडली, म्हणून अजून चालते आहे. एकदा बंद केलीत तर तुम्हालाही कदाचित तीच पाटी दिसेल आणि मग आत जायला दार उरणार नाही.

कम्पॅक्ट अँड रिपेअर वाईट नाही, पण ते मूळ फाइलवर करायचं नसतं. ते काय करतं, तर नवी कोरी फाइल घेतं, जुन्यातलं जे वाचता येतं ते तिच्यात ओततं आणि जुनी टाकून देतं. जे वाचता आलं नाही ते गेलं. कधी कधी प्रायमरी की (एकच क्रमांक दोनदा पडू न देणारी खूण) सुद्धा पडते, आणि ते आपल्याला दोन महिन्यांनी कळतं. म्हणून नेहमी प्रतीवर. फुकटच्या टूलबद्दल बोलतच नाही, सभासदांचे पत्ते-फोन त्यात आहेत.

क्रमाने करा. काउंटर बंद, बाकी कुणीही आत नको. मग त्या फोल्डरमधली फाइल नुसती कॉपी करून दुसरीकडे ठेवा. उघड्या फाइलची कॉपी शंभर नंबरी नसते, पण नसल्यापेक्षा बरी. मग नवी रिकामी ॲक्सेस फाइल तयार करा, आणि उघड्या फाइलमधून एकेका टेबलावर राइट क्लिक, एक्स्पोर्ट, ॲक्सेस, आणि ती नवी फाइल दाखवा. सभासद आणि पुस्तकं जातील. देवघेव अडेल, ती नंतर बघू. एक्सेलमध्ये काढायच्या भानगडीत आत्ता पडू नका. फॉरमॅटिंगसकट एक्स्पोर्टची खूण राहिली तर ६५ हजार ओळींच्या आसपास तो हात वर करतो. आणि टेक्स्टमध्ये काढलंत तर ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन यूटीएफ-८ निवडल्याशिवाय मराठीची प्रश्नचिन्हं होतील.

आणि एक काम. फाइल जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये तिच्याच नावाची, शेवटी एलडीबी असलेली चिमुकली फाइल दिसेल. ती नोटपॅडमध्ये उघडा. त्यात फाइल उघडणाऱ्या संगणकांची नावं असतात. किती आहेत आणि कोणती, ते इथे लिहा.

कट्ट्यावरचा | सोमवार, दुपारी १.१५

२०२० नंतर ॲक्सेस? कोहा बसवा, फुकट आहे, न्यूझीलंडच्या एका वाचनालयासाठी केलेलं सॉफ्टवेअर जगभर चालतं. नाहीतर एनआयसीचं, म्हणजे सरकारी संगणक केंद्राचं, ई-ग्रंथालय.

दाखलअंक | सोमवार, दुपारी ३.५०

कट्ट्यावरचा, कोहाचं प्रशिक्षण मी घेतलेलं आहे. चांगलं आहे. सर्व्हर सांभाळायला माणूस तुम्ही देता का? आम्ही तिघं आहोत, त्यातला एक शिपाई आणि तो सुद्धा अर्धवेळ. असो.

जुनीखतावणी, सभासद गेले, पुस्तकं गेली, वर्गणी आणि अनामतही गेली. नव्या फाइलमध्ये उघडून मोजून पाहिली, आकडे जुळले. दाखल नोंदवही आम्ही अजून हातानेच लिहितो, त्यामुळे पुस्तकांची मला तशी काळजी नव्हती. देवघेव तुम्ही म्हणालात तशीच अडली, तोच "सर्च की"चा संदेश देऊन.

मध्ये एकदा वीज गेली. इन्व्हर्टरने तीस सेकंद विचार केला आणि मग उचललं. माझा जीव कुठे होता ते विचारू नका.

आता ती एलडीबी फाइल. त्यात तीन नावं आहेत. एक माझ्या संगणकाचं, एक काउंटरचं आणि तिसरं "लॅपटॉप-" असं सुरू होऊन पुढे अक्षरांची भेळ. प्रत्येकापुढे "ॲडमिन" लिहिलंय. आमच्याकडे संगणक दोनच आहेत. हा तिसरा कोण?

जुनीखतावणी | सोमवार, संध्याकाळी ४.१०

ॲडमिनचं मनावर घेऊ नका. पासवर्डची व्यवस्था केलेली नसेल तर सगळेच ॲडमिन. आणि एलडीबीत नाव आहे म्हणजे तो आत्ता आत आहेच असंही नाही, बाहेर पडलेल्याचं नाव त्यात तसंच पडून राहू शकतं. पण कधीतरी आत येऊन गेला हे नक्की.

वाचनालयात वायफाय आहे का? आणि एखादा लॅपटॉप?

दाखलअंक | सोमवार, संध्याकाळी ५.३०

सापडला.

मे महिन्यात एका माजी अध्यक्षांनी देणगी म्हणून लॅपटॉप दिला. जुन्या दुर्मीळ अंकांची यादी करायला. आमचा लिपिक तो घेऊन पुढच्या पडवीत बसतो, कारण आत उकडतं. यादी करता करता परत आलेली पुस्तकंही तिथेच जमा करून घेतो, सभासदांना काउंटरपर्यंत यायला नको म्हणून. भाच्यासारखा आहे तो मला, कामाला वाघ. मला सांगितलं नाही कारण त्याला वाटलं मला कौतुक वाटेल आणि शनिवारच्या सभेत सांगू.

वायफायचा राउटर कुठे, तर मागच्या खोलीत. राउटर आणि पडवी यांच्या मध्ये पुस्तकांची अकरा लोखंडी कपाटं.

मी विचारलं, तुला कधी काही चूक दाखवत होतं का? म्हणाला, "हो, रोज. चहाला जाताना झाकण मिटून जायचो. परत येऊन उघडलं की नेटवर्कचं काहीतरी यायचं. ओके दाबलं की पुढे चालायचं." पाटी आठवून आठवून त्याने सांगितली: "युवर नेटवर्क ॲक्सेस वॉज इंटरप्टेड. टु कंटिन्यू, क्लोज द डेटाबेस अँड देन ओपन इट अगेन."

तो बंद करून पुन्हा उघडायचा नाही. नुसतं ओके.

जुनीखतावणी | सोमवार, रात्री ८.४५

झालं, मिळालं. ती ३०४३. तुमच्या चार तक्रारींत जी नव्हती ती पाचवी, आणि तीच खरं बोलत होती. बाकीच्या बहुतेक तिची पिलावळ.

आता जरा सावकाश सांगतो, जेवण झालंय.

ॲक्सेसची फाइल शेअर केली म्हणजे तुमचा संगणक "सर्व्हर" झाला असं नसतं. तुमच्या संगणकात बसलेला कुणी कारकून बाकीच्यांची कामं करून देत नाही. प्रत्येक संगणकावरचं ॲक्सेस स्वतः वायरीतून हात घालून त्या एकाच फाइलची पानं उचलतं, बदलतं आणि जागेवर ठेवतं. एमडीबीत एक पान ४ किलोबाइटचं. एक पुस्तक जमा केलं की एकच पान बदलत नाही. नोंदीचं पान, इंडेक्सचं पान, शेरा लिहिला असेल तर त्याचं वेगळं पान. रोजकीर्दीत जमा लिहिली, खतावणीत लिहायच्या आधी कुणी दिवा घालवला, तर काय होईल? तेच झालं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, वायफाय तुटतं, हातातली पानं हातातच.

शेऱ्यात चिनी का, तेही ऐका. तुमचा शेरा मेमो प्रकारचा असणार. मेमोचा मजकूर सहसा नोंदीत नसतो, तो वेगळ्या पानावर असतो आणि नोंदीत फक्त "अमुक पानावर बघ" एवढा पत्ता. पत्ता चुकला की ॲक्सेस भलत्याच पानावरचे बाइट उचलून आणतो आणि अक्षरं समजून दाखवतो. चीनचा हात नाही.

माझं स्वतःचं सांगतो. २००९ ला एका पतसंस्थेचं काम बघत होतो, सांगली बाजूला. दिवाळीच्या आधी व्याज टाकायला बसलो आणि "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट". नुसतं तेवढंच. दोन दिवस माझ्या क्वेरीतली आर्ग्युमेंटं तपासत बसलो, बायको म्हणाली घरी तेच कर. शेवटी फाइलची साइज पाहिली तर २ जीबी. ॲक्सेसची मर्यादाच ती आहे, त्यापुढे एक अक्षर मावत नाही, आणि तसं तो सांगत नाही. सभासदांचे फोटो कुणीतरी बिटमॅप करून टेबलातच चिकटवले होते. तेव्हापासून चूक काय म्हणते हे मी दुसऱ्यांदा वाचतो. पहिल्यांदा वाचतो ते ती कधीपासून येते आणि कुणाच्या पडद्यावर.

उद्या देवघेव बाहेर काढू. खराब ओळींचे नोंद क्रमांक बघून ठेवा.

शून्यभागाकार | मंगळवार, पहाटे २.१५

इकडे दुपार आहे, म्हणून आता लिहितोय. जुनीखतावणींनी मुख्य आजार धरलाच आहे. मी उरलेले दोन घेतो.

भाच्याच्या लॅपटॉपवरची ६४ बिटची पाटी: हिचा फाटलेल्या फाइलशी काहीही संबंध नाही. २००४ च्या कोडमध्ये विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या डिक्लेअरच्या ओळी असतील, त्यांना ६४ बिट ऑफिसमध्ये "पीटीआर-सेफ" हा शब्द लागतो. सोपा उपाय, त्या लॅपटॉपवर ३२ बिट ऑफिस. किंवा तिकडे उघडूच नका.

आता प्रश्नचिन्हांची खिडकी. मला हिचीच जास्त मजा वाटली. ॲक्सेसची टेबलं २००० पासून युनिकोड (सगळ्या लिप्या साठवू शकणारी) आहेत, पण ज्या खिडकीत कोड लिहितात ती व्हीबीएची खिडकी अजूनही युनिकोड नाही. तिच्यात देवनागरी चिकटवली की प्रत्येक चिन्हाचं एक प्रश्नचिन्ह होतं. २०१३ वाल्या भावाने तिथे मराठी संदेश चिकटवला असणार. मजकूर कायमचा गेला, परत येणार नाही. पण प्रश्नचिन्हं मोजता येतात.

तुम्ही लिहिलंत: सहा, चार, पाच, तीन. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजायचे. सहाचा शब्द, आणि वाचनालय. प, उकार, स, हलन्त, त, क. "पुस्तक". शेवटचा तीनचा: आ, ह, मात्रा. "आहे". मधले दोन तुम्ही ओळखा. ही खिडकी नेमकी कुठलं पुस्तक देताना येते ते बघा.

दाखलअंक | मंगळवार, सकाळी १०.५०

शून्यभागाकार, मी रात्री उशाशी कागद घेऊन झोपले. माझ्या यजमानांना वाटलं शब्दकोडं आहे.

आ, ध, वेलांटी, च. ब, काना, ह, मात्रा, र.

"पुस्तक आधीच बाहेर आहे."

बरोबर ना? अकरा वर्षं आम्ही ते ओके करत होतो! म्हणजे पडवीत पुस्तक जमा व्हायचं, झाकण मिटायचं, जमा नोंद अर्धवट राहायची. मग तेच पुस्तक दुसऱ्या दिवशी काउंटरवर द्यायला गेलं की फाइल म्हणायची, अहो हे बाहेरच आहे. पंधरा दिवस सांगत होती बिचारी. प्रश्नचिन्हांत.

कोडच्या खिडकीत जाऊन पाहिलं, तिथेही तीच प्रश्नचिन्हं आहेत, तुम्ही म्हणालात तशी.

खराब नोंदी तीनच आहेत: १,३१,०७७ ते १,३१,०७९. शेवटची नोंद १,३१,६४०. त्यांच्या वरचं-खालचं सगळं नीट दिसतंय.

जुनीखतावणी | मंगळवार, सकाळी ११.३०

शाब्बास. तीन म्हणजे काहीच नाही, मी तीनशे बघून आलोय.

देवघेवीचं टेबल कॉपी करून पेस्ट करताना "स्ट्रक्चर ओन्ली" निवडा, आणि ते रिकामं टेबल नव्या फाइलमध्ये न्या. मग ॲपेंड क्वेरी (एका टेबलातल्या ओळी दुसऱ्यात घालणारी आज्ञा) दोनदा. एकदा नोंद क्रमांक १,३१,०७६ पर्यंत, एकदा १,३१,०८० पासून पुढे. खराब तीन ओळींना स्पर्श नाही झाला की तो अडणार नाही. त्या तीन हाताने भरा.

झालं की फाइलचे दोन भाग करा. टेबलं एका फाइलमध्ये, तुमच्या संगणकावर. फॉर्म, रिपोर्ट, कोड दुसऱ्या फाइलमध्ये, आणि तिची एकेक प्रत दोन्ही संगणकांच्या स्वतःच्या डिस्कवर. ॲक्सेसमध्ये "डेटाबेस स्प्लिटर" नावाचं बटणच आहे. लॅपटॉपला देवघेव नको. हवीच असेल तर केबल टाका पडवीपर्यंत.

दाखलअंक | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

जरा घोळ झाला आहे.

दोन्ही ॲपेंड व्यवस्थित झाली. मी आधी १,३१,०८० च्या पुढच्या आणल्या, कारण सध्या लोकांच्या घरी असलेली पुस्तकं त्यात आहेत, ती आधी हाती लागलेली बरी. मग जुन्या आणल्या. त्या तीन नोंदी शोधायला सभासदांना फोन केले, पुस्तकं आणवली आणि शेवटच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवरून भरल्या. एका आजींनी पुस्तकाबरोबर फणसाचे गरे पाठवले. तिन्ही नोंदी गुपचूप गेल्या. मी अध्यक्षांना फोन करून सांगितलं सुद्धा, झालं म्हणून.

पाच वाजता पहिला सभासद आला, पुस्तक द्यायला गेले तर: "द चेंजेस यू रिक्वेस्टेड टु द टेबल वेअर नॉट सक्सेसफुल बिकॉज दे वुड क्रिएट डुप्लिकेट व्हॅल्यूज" वगैरे वगैरे. दुसऱ्यांदा केलं, तेच. तिसऱ्यांदा, तेच. नोंद क्रमांक मी देतच नाही, तो आपोआप पडतो. मग डुप्लिकेट मी कुठून करणार? आणि दुपारच्या तीन गेल्या त्या कशा गेल्या?

शून्यभागाकार | मंगळवार, संध्याकाळी ७.०५

आज लवकर उठलो, या धाग्यासाठीच.

ही ३०२२. तीन का गेल्या आणि चौथी का अडली यातच उत्तर आहे.

आपोआप पडणारा क्रमांक म्हणजे ऑटोनंबर. पुढचा क्रमांक कोणता द्यायचा हे ॲक्सेस एका ठिकाणी लिहून ठेवतं. ते टेबलातला सर्वांत मोठा क्रमांक बघत नाही. तुम्ही ॲपेंडने ठरावीक क्रमांक आत घातलेत की "शेवटी घातला त्याच्या पुढचा" असं ते लिहून ठेवू शकतं. तुम्ही शेवटी जुन्या नोंदी घातल्यात, त्यातली शेवटची १,३१,०७६. म्हणून पुढचा क्रमांक १,३१,०७७. तो मोकळा होता, ७८ मोकळा, ७९ मोकळा. नेमके तुमच्या हरवलेल्या तीन नोंदींचे खड्डे. तुम्ही त्यांतच त्या तीन नोंदी भरल्यात. चौथीला ८० आला, आणि तिथे आधीच कुणीतरी बसलंय.

प्रत्येक अयशस्वी प्रयत्नाला तो एक क्रमांक पुढे सरकतो. म्हणजे ५६१ वेळा नेटाने आपटलंत तर आपोआप सुटेल. तीन तुम्ही केलेतच, ५५८ उरले.

किंवा: एक ॲपेंड क्वेरी करून नोंद क्रमांक १,३१,६४१ असलेली एक खोटी नोंद घाला आणि मग ती काढून टाका. पुढचा १,३१,६४२ पासून सुरू होईल.

जुनीखतावणी | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

चूक माझी, ताई. क्रम सांगायला हवा होता, लहान आधी मोठे नंतर. मी लिहिलं त्याच क्रमाने कराल असं गृहीत धरलं.

वरणफळ | मंगळवार, रात्री ९.००

माझ्याकडे पण दुकानाच्या फाइलला कधी कधी ते नेटवर्क इंटरप्टेड येतं 😬 मी पण ओकेच दाबतो. उद्या कॉपी काढतो आधी.

दाखलअंक | शुक्रवार, दुपारी १२.३०

उशिरा कळवते आहे, दोन दिवस इंटरनेट नव्हतं.

खोटी नोंद घातली, काढली, क्रमांक १,३१,६४२ पासून सुरू झाले. बुधवारी ४१ आणि काल ३८ पुस्तकांची देवघेव झाली, एकही अडली नाही. फाइलचे दोन भाग केले. काउंटरवर सगळं उघडतं आणि पूर्वीपेक्षा लवकर उघडतं. जुनी फाटकी फाइल "हात लावू नये" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. (फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवलं. कोडच्या खिडकीचा अनुभव आल्यावर मराठी नावावर भरवसा राहिला नाही.)

सोमवारी ती मी बंद केली नाही हे फार बरं झालं. काल कुतूहल म्हणून तिच्या एका प्रतीवर आमच्या वरणफळांचं कम्पॅक्ट चालवून पाहिलं. उघडली. पण त्या तीन नोंदी तर गेल्याच, शिवाय देवघेवीच्या टेबलावरची की गायब. म्हणजे एकच क्रमांक दोनदा पडला असता आणि कुणी ओरडलंही नसतं.

लिपिक आता काउंटरशेजारी बसतो. पंखा त्याच्याकडे वळवला आहे. त्याला मी रागावले नाही, फक्त एक वही दिली. कुठलीही इंग्रजी पाटी आली की ओके दाबण्याआधी ती त्यात उतरवायची, तारीख-वेळेसकट. काल पहिलीच नोंद झाली: "प्रिंटर इज आउट ऑफ पेपर".

प्रश्नचिन्हांच्या खिडकीऐवजी एक छोटा फॉर्म केला, त्यावर लेबलमध्ये मराठीत लिहिलं. शून्यभागाकारांनी व्यक्तिगत निरोपातून कसं ते सांगितलं. लेबलात मराठी नीट दिसतं. आज सकाळी पहिल्यांदा पडद्यावर आलं, "पुस्तक आधीच बाहेर आहे". सभासद म्हणाले, नाही हो, हे काय माझ्या हातात आहे. कपाटात पाहिलं तर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत, दाखल अंक (प्रत्येक प्रतीचा नोंदवहीतला क्रमांक) चुकीचा टाइप केला होता. मी.

उद्याच्या सभेसाठी आकडे काढताना आणखी एक दिसलं. ५ जूनची देवघेव रिपोर्टमध्ये ६ मेला मोजली जाते आहे, पण १३ तारखेनंतरच्या सगळ्या बरोबर. चूक म्हणून काहीच येत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढते.